मात्रा नंतर, असं म्हणालो होतो

प्रिय आक्का,

तुझ्या खोलीचं दार मी केलं. देव्हारा केला, कमानीसकट. मुलुंड बाजारातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. आणि तुझ्यासाठी प्लायवूडमधून क ते ज्ञ अशी छत्तीस अक्षरं कापली. कडा पॉलिश पेपरने घासल्या, तुझ्या बोटांना लाकडाचं कुसळ लागू नये म्हणून.

एवढं करून तुला वाचायला शिकवता आलं नाही. ते का, हे काल कळलं. म्हणून लिहितोय.

तुझी मागणी केवढी होती गं? सुमीची कणकवलीहून येणारी पत्रं स्वतः वाचायची. लेकीचं सासरचं दुखणं शेजारच्या मंदाच्या तोंडून ऐकताना तू मान खाली घालायचीस. मंदा वाईट नव्हती, पण आवाज केवढा तिचा!

आणि मी? पाटी रंगवतो तसं तुला शिकवलं. आधी अक्षरांचे सांगाडे, काना-मात्रा-वेलांट्या मागाहून.

"काय रे पेंटर, सुमीचा पत्र कधी वाचूक गावतला?"

"आधी ढ नीट ओळख. मात्रा नंतर."

"ढ तर मीच आसंय, आणखी खयचा ओळखू?"

तू हसलीस. मी हसलोसुद्धा नाही.

काल प्रौढ शिक्षणाच्या शिबिराला गेलो. चार गोष्टी सांगून येऊ म्हणून! तिथल्या बाई आपल्या सुमीएवढ्या. म्हणाल्या, इंग्रजीचं स्पेलिंग पाठ करावं लागतं; आपल्या लिपीत बहुतेक बोलावं तसं लिहितात. अक्षर आणि मात्रा मिळून एक आवाज होतो, तो तोडून शिकवू नका. त्यांनी फळ्यावर म, ल, आ आणि काना, एवढंच दिलं. माहुलची एक मासेवाली बोट ठेवून वाचती झाली, "मामा आला." मग ओरडलीच, "अगं बाई, येतंय की मला!"

सगळे हसले. मी चपलांकडे बघत बसलो.

आक्का, कारखान्यात दिवसभर डबे भरून आल्यावर तू डोळे चोळत बसायचीस. छत्तीसच्या छत्तीस अक्षरं ओळखलीस. पण बिनमात्रेचं पत्र कोण लिहितं? मला वाटलं, तुझंच डोकं चालत नाही. मंदासमोर बोललोही, "हिला नाही जमायचं." त्यानंतर तू अक्षरांना हात लावला नाहीस. इस्पितळात, तुझ्या शेवटच्या दिवसांतही, सुमीचं पत्र मंदानेच वाचलं, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. तू भिंतीकडे तोंड केलंस. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं ना?

सगळं आपलं आपण शिकलो, याचा केवढा तोरा मला! कुणाला तरी एकदा विचारलं असतं तर?

आता मी वर्ग घेणार आहे. पहिल्याच दिवशी काना देईन. शिकणाऱ्या एखाद्या बाईला जमलं नाही, तर आधी माझी चूक शोधेन. शब्द देतो.

आज सकाळी भांडुपच्या एका वर्गाचा माणूस आला होता. भिंतीवरचे तक्ते रंगवून हवे होते, नुसती अक्षरं, मात्रा नकोत. हजार रुपये देत होता, निम्मे आगाऊ. नाही म्हटलं.

तुझा धाकटा,
वसंत