शंखाच्या फटीतला गहाळ तुकडा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
नौका परवाने व सागरी पुरातन वस्तू कक्ष,
पूर्व किनारा, बार्बाडोस.

विषय : शंखाचा गहाळ तुकडा हजर करण्यास असमर्थता, व अडवलेला नौका परवाना मिळण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ‘पुरातन शंखाची करवतीने नासधूस’.

महोदय,

१. मी डार्नली गिटन्स, कॉन्सेट बेचा मच्छीमार. खोल पाण्यातल्या माझ्या सापळ्यात नारळाएवढा तांबूस शंख आला. या कुळातले शंख बहुतेक दगडांत, जीवाश्म होऊनच सापडतात, असे ऐकून होतो. म्हणून तो मी आपणहून जमा केला. “तुला एवढं प्रामाणिक व्हायला सांगितलं कुणी?” असे माझी पत्नी युडीन तेव्हाच म्हणाली होती.

२. शंखाच्या कडेपासून आत वीतभर सरळ फट आहे. ती मी करवतीने पाडून मधला तुकडा लांबवला, असा आपला निष्कर्ष आहे; तो हजर करेपर्यंत माझ्या परवान्याचे नूतनीकरण अडवले आहे. महोदय, फट जन्मजात आहे. शंखात राहणारी समुद्री गोगलगाय तिच्यातून पाणी बाहेर सोडते. सबब तुकडा नाही, नव्हता, व आपण मुदत वाढवून दिल्यासही होणार नाही.

३. खुलासा म्हणून शेजारी क्लायबर्न यांच्या सापळ्यातला, खेकड्याने बिऱ्हाड केलेला दुसरा शंख सादर केला. त्यालाही तशीच फट. त्यावर माझ्या नावे दुसरा गुन्हा लागला व क्लायबर्न साथीदार ठरले. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. आपल्या लिपिक श्रीमती अ‍ॅलीन म्हणाल्या, “कॅप्टन, हात मात्र सफाईदार आहे हो तुमचा.” मला फार वाईट वाटले.

४. परवाना संपण्याआधीच्या शेवटच्या फेरीत या जातीची जिवंत गोगलगायच मिळाली. फट तीच. बर्फाच्या पाण्याच्या बादलीत घालून मी तिला आपल्यापुढे आणले. आपण डोकावून पाहिलेत. जिवंत प्राणी पुरातन वस्तूंत मोडत नसल्याने पुरावा ग्राह्य नाही, मेल्यावर आणावा, असा शेरा दिलात.

५. ती आता फारशी हलत नाही. बर्फाला जागा व्हावी म्हणून युडीनने फ्रीजरमधली सगळी उडती मासळी शेजारीपाजारी वाटून टाकली. पण गोगलगायीला हवे ते थंड, काळोखे पाणी माझ्या सापळ्यापाशी आहे, आणि परवान्याअभावी नाव वाळूवर आहे.

६. सबब विनंती की, दोन्ही गुन्हे मला कबूल आहेत असे लिहून घ्यावे. शंख मीच कापले. तुकडे समुद्रात पडले. क्लायबर्न यांचा यात हात नाही. माझा परवाना कायमचा रद्द करावा. फक्त त्याआधी आज एका फेरीची परवानगी द्यावी. मासे धरणार नाही. तिला सोडून परत येतो.

आपल्या दाराबाहेर बादलीपाशी बसलेला,
आपला नम्र,
डार्नली गिटन्स
४ जून

सोबत :
१. शंख दोन (आपल्याकडे जमा)
२. गोगलगाय एक (अर्ज लिहितेवेळी जिवंत)