मिटल्या डोळ्यांची साक्ष

९ ऑगस्ट

वही घेऊन बारा दिवस झाले, पहिली ओळ आज. आधी पेन हरवलं, मग पेन सापडलं तर वारा सुटला. या दिवसांत वातुगिलांग गावात म्हातारेसुद्धा पतंग घेऊन भाताच्या बांधावर जातात, मी तर तेवीसचा. पाक सुतेजो (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना पाक म्हणतात) रोज विचारायचे, लिहिलंस का. मी रोज हो म्हणायचो.

असो. मी रुस्दी, घर लाम्पुंगला. बसवर क्लीनर होतो, बंदरावर हमाल, मध्ये दोन महिने बदकं राखली (बदकांबद्दल सवडीने लिहीन), आणि आता संमोहन करणाऱ्या माणसाचा मदतनीस. पाकांची साठी उलटलीय, चालताना छातीला हात लावून मध्येच थांबतात. त्यांच्या ओसरीवर कोणी सिगारेट सोडायला येतं, कोणी परीक्षेची धास्ती घालवायला. चटई झाडायची, आल्याचा चहा करायचा, एवढंच माझं काम. खिडकीत पेरूचं झाड. मजा आहे.

१२ ऑगस्ट

आज पाकांनी मलाच समोर बसवलं. मला वाटलं आता कोंबड्यासारखा आरवणार. तसं काही नाही. अंग जड झालं, पण पलीकडच्या गल्लीतली स्कूटरही ऐकू येत होती. उठल्यावर विचारलं, मी जागाच झालो नसतो तर? ते हसून हसून खोकले.

"पोरा, ही झोप नव्हे. माणूस सगळं ऐकतो, नको ते करत नाही, कंटाळला की आपणच डोळे उघडतो. आणि मनात आलं तर खुशाल खोटंही बोलतो."

गावाला हे पटत नाही. त्यांच्या मते भामटा नुसता खांद्यावर थाप मारतो आणि बाई कानातलं काढून त्याच्या हातावर ठेवते. मी पहिल्याच दिवशी टोफूवाल्या जुमादीच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला, तर त्याने भूल उतरावी म्हणून तीनदा पाय आपटले आणि आधी खिसा चाचपला. हेच खूळ घालवायला पाक सतरा तारखेला, आमच्या स्वातंत्र्यदिनी झेंडा लागतो त्या दिवशी, सभामंडपात सगळ्यांसमोर प्रयोग करणार आहेत.

१५ ऑगस्ट

प्रयोगाला बसणार पोनियेम. स्वतःहून आली. अर्ध्या गावाचे कपडे धुते. नवरा मलेशियाला कामाला गेला, सहा वर्षं पत्ता नाही, म्हणून दीर कार्दीच्या घरात पडून असते. तिचं वाक्य कोणी पुरं ऐकत नाही. ती बोलू लागली की समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागतो. जुमादी तर म्हणतो, हिचं ऐकत बसलो तर टोफू आंबेल.

मला हसायचा हक्क नाही. परवा माझ्या निळ्या शर्टाची घडी घालताना ती काहीतरी सांगत होती. तेवढ्यात एक लांब शेपटीचा पतंग कटला आणि मी पळालो. तो सापडलाही नाही.

१७ ऑगस्ट

मुलांची पापड खायची शर्यत झाली, मग प्रयोग. पाकांनी चहा घेतला, तिला डोळे मिटायला सांगितलं. तिचे खांदे सैलावले. पाक लोकांकडे वळले आणि छातीला हात लावून खाली बसले. बसले ते आडवेच झाले.

गाडी, धावपळ, दवाखाना. संध्याकाळी गेले.

पोनियेम अजून खुर्चीतच आहे.

१८ ऑगस्ट

पाकांना पुरलं. मी सगळ्यांना सांगितलं, ती आपोआप जागी होईल. वस्तीचे मुखिया पाक दार्मो म्हणाले, ज्याने कुलूप लावलं तोच किल्ली घेऊन गेला. तिला घरी न्यायलाही कोणी तयार नाही. हलवलं तर जीव वाट चुकेल म्हणतात. मंडपातच चटई घातलीय.

२० ऑगस्ट

भरवलं की पेज खाते. हात धरला की चालते. डोळे मिटलेले.

आज कोणीतरी तिला हरवलेल्या अंगठीबद्दल विचारलं. गुंगीतल्या जिभेला खोटं येत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंगठीचं राहिलं बाजूला. ती सावकाश म्हणाली, माझ्या दोन शेळ्या मेल्या नाहीत, कार्दीने विकल्या. कार्दी तिथेच रडायला लागला. खरंच विकल्या होत्या.

मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, मला बरं वाटलं होतं.

२२ ऑगस्ट

मंडपात पाय ठेवायला जागा नाही. आज तिने जुमादीचं नाव घेतलं. मशिदीचा भोंगा त्याने चोरला म्हणे. त्याचा हात मोडला लोकांनी. घरात भोंगा नव्हता. सापडला नाही म्हणजे नीट लपवला असणार, असं पाक दार्मो म्हणाले.

जुमादी पाय आपटत होता. मार खातानाही. तीनदा, पुन्हा तीनदा.

२३ ऑगस्ट

दुपारी सगळे जेवायला गेले, मी माश्या वारत बसलो. हळूच म्हणालो, ताई, पुरे आता, मला ठाऊक आहे.

तिने डोळे उघडले. नीट माझ्याकडे पाहिलं.

"पहिल्यांदाच माझं वाक्य कोणी तोडत नाही."

मिटले.

२४ ऑगस्ट

पाक दार्मोंना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, मग तुझ्यासमोरच कसे उघडले? ही विद्या गावात आणखी कोणाला येते?

परत येताना एका बाईने मला पाहून पाय आपटले. मग तिच्या मुलाने.

२५ ऑगस्ट, सकाळ

पोनियेम मंडपात म्हणाली, पाक आपोआप पडले नाहीत. आधी कोणीतरी चहा दिला होता.

चहा मी —

चारची बस आहे. दोन वाजेपर्यंत निघेन.

दुपार

निघता येत नाही. फाटकाशी माणसं. त्या चहात आलं होतं, दोन चमचे साखर, बाकी काही नाही. वही वाचणाऱ्याने हे —

पाय आपटतायत. सगळे एकदम. पेरूच्या फांदीवरून पाखरं उडाली. मुखिया पुढे येतील असं वाटलं होतं, किंवा कार्दी —

थांबले.

खिडकीतून पाहिलं. दाराशी ती आलीय. पोनियेम. कोणी हात धरलेला नाही. डोळे सताड उघडे. हातात माझा निळा शर्ट, घडी घातलेला. दारातून सांगते आहे की त्या दिवशी बोलणं अर्धं राहिलं होतं. आणि तिच्या मागे, फाटकापासून रस्त्यापर्यंत, अख्खं गाव डोळे मिटून उभं —