पालीला तातडीचं काम

हाजरा,

विज्ञानाच्या कार्यासाठी बापाने मुलीला हसतमुखाने निरोप द्यावा, असं माझं ठाम मत आहे. काल तुझी ट्रंक बांधून झाल्यापासून ते जरा डळमळलंय. म्हणून मी पालीला तातडीच्या कामाला जातोय. काम कोणतं, ते तिथे पोचल्यावर ठरवीन.

बोटीपर्यंत अयूबचाचा सोडतील. "पोरगी मुंबईला डॉक्टरेट करणार, आणि मोजणार काय, तर आभाळातले किरण! इथे आंबे मोजायला माणूस मिळत नाही," हे ते होडीतही ऐकवतील. हो म्हण. ट्रंक मात्र तूच धर. चाचांना बोलायला दोन्ही हात लागतात.

तुझी आई असती तर प्रवास सुखरूप व्हावा म्हणून तुझ्या दंडाला इमाम जामीन बांधला असता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तू झोपली होतीस, म्हणून ट्रंकेच्या कडीला बांधलाय. मुंबईला सुखरूप उतरलीस की त्यातलं नाणं एखाद्या गरिबाला दे.

माझी काळजी नको. तुझे ते विश्वकिरण रात्रंदिवस आपल्या कौलांतून आणि माझ्या टकलातून आरपार जातात, असं तूच सांगितलंस. म्हणजे घरात ये-जा भरपूर आहे. थांबत कुणी नाही, एवढंच.

भाकऱ्या फडक्यात बांधल्यात. जाड झाल्यात.

बाबा

ता. क. पालीची एस.टी. चुकली. मागच्या पडवीत बसलोय. चहा टाकशील तेव्हा दोन कप टाक.