चढ, चादरी आणि सुपरचार्जर

४ मार्च, सोमवार
शी! दुसरा शब्दच सुचत नाही. आज पुन्हा टेकडीच्या चढावर कचऱ्याचा ट्रक पुढे आणि मी मागे. माझ्या पिकअपमध्ये हॉटेलच्या चादरी, आमच्या लॉन्ड्रीत धुऊन कडक इस्त्री केलेल्या, आणि समोर त्या ट्रकच्या फळीतून गळणारं पाणी. पाणी कसलं, अर्क! काचेवर थेंब उडाले. वायपर लावला तर सगळीकडे फासलं गेलं. ओव्हरटेक करायला गेलो, पिकअपला धाप लागली. थर्ड, सेकंड, फर्स्ट, आणि मुकाट्याने परत मागे. ट्रकच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून या काका, या, अशी खूण केली. काका! माझ्याच वयाचा असेल मेला.
वर हॉटेलात मॅनेजरने पहिली चादर नाकाशी धरली. तोंडाने काही बोलला नाही. नाकाने बोलला.
बास. इंजिनाला ताकद हवी.

५ मार्च, दुपारी
सुपरचार्जर! इतकी वर्षं मी काय करत होतो? साधी गोष्ट आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप, तो इंजिनात हवा दाबून भरतो. हवा जास्त, की ताकद जास्त. व्हिडिओत एक दाढीवाला तसली पिकअप घेऊन वाळूचा डोंगर चढला, तेही हसत.
बायकोला सगळं समजावून सांगितलं. तिने इस्त्रीवरून मान वर न करता विचारलं की अहो, तुम्ही जरा लवकर का निघत नाही? ट्रक बाजारातून भरून निघेपर्यंत तुम्ही वर पोचलेले असाल.
या बाईला इंजिनिअरिंगचं अंगच नाही. लवकर निघणं हा उपाय नव्हे. ती शरणागती झाली. रस्ता काय त्याच्या एकट्याचा आहे?

७ मार्च
तरी मोठ्या मनाने लवकर निघून बघायचं ठरवलं होतं. गजर वाजला असं म्हणतात. बंद कोणी केला माहीत नाही. संशय बायकोवर. निघालो नेहमीच्याच वेळी.
ट्रकमध्ये आज मासळी बाजाराचा माल. काचा वर, नाकाला रुमाल. रुमाल मागच्याच गठ्ठ्यातून घेतलेला, तर त्यालाही तोच वास. म्हणजे चादरींनाही... हा विचार इथेच थांबवला.

८ मार्च
गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजवाल्याने चहा दिला, कपाच्या कडेवर ऑइलचा काळा अंगठा. कप फिरवून प्यायला गेलो, तिकडे दुसरा अंगठा. 
या माणसाला स्वतःचं मत नाही. सुपरचार्जर बसेल का विचारलं, म्हणाला बसवला की बसतो शेठ. इंजिनाला झेपेल का विचारलं, म्हणाला झेपलं तर झेपेल. बसवू का विचारलं, म्हणाला तुम्ही म्हणाल तसं. दगडाला विचारलं असतं तर निदान गप्प बसला असता.
पण त्याच्याकडे एक सुपरचार्जर पडलेला आहे! कुठल्या तरी आपटलेल्या जीपमधून काढलेला. माझ्या हातात दिला. जड, तेलकट, बोकडाच्या कोथळ्यासारखा दिसतो. घरी येऊन तीनदा साबण लावला तरी हाताचा वास जात नाही. मुलीने मला जेवायला पलीकडच्या टोकाला बसवलं. तरीही त्या वस्तूत एक भव्यता आहे, हे मान्य करावं लागेल.

११ मार्च
सकाळी: ठरलं. बसवायचा.
दुपारी: ठरलं. नाही बसवायचा. बॉनेट कापावं लागेल असं गॅरेजवाला म्हणतो.
संध्याकाळी: मुलीने हिशेब करता करता विचारलं, बाबा, तुम्ही ताडपत्री नीट का नाही बांधत? ताडपत्री! कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. ताडपत्री मी व्यवस्थित बांधतो. कोपऱ्यात भोक आहे ते हवा खेळती राहावी म्हणून. आणि मागची दोरी सोडतो कारण ती बांधायला खाली उतरून मागे जावं लागतं.
ठरलं. बसवायचा.

१४ मार्च
आजचा दिवस लिहू नये असा आहे. मॅनेजरने मला आत बोलावलं आणि टेबलावर टिश्यू पेपर उलगडला. आत माशाचा खवला. पाहुण्याच्या उशीवर सापडला म्हणे. बोटाच्या नखाएवढा, चकचकीत. मी म्हटलं, पाहुण्याचाच असेल. मॅनेजर म्हणाला, पाहुणे अंगावर खवले घेऊन येत नाहीत. पुन्हा असं झालं तर दुसरी लॉन्ड्री बघणार.
या हॉटेलवर आमची लॉन्ड्री उभी आहे. घरी सांगितलं. बायको मशीनमध्ये चादरी भरताना एकेक चादर अशी कोंबत होती, की मी दाराशीच उभा राहिलो. मग मुलगी म्हणाली, उद्यापासून गाडी मी नेऊ का? लायसन्स आहे माझ्याकडे. मी स्पष्ट नकार दिला. हा चढ आहे, इथे अनुभव लागतो. ती म्हणाली, कसला अनुभव, मागे राहण्याचा?
आजकालच्या मुलांच्या बोलण्याचा वीट आलाय.
आता मात्र मागे फिरणं नाही. उद्याच गाडी गॅरेजला.

१९ मार्च
बसला! बॉनेटला भोक पाडून बसला. भोकाच्या कडा वाकड्यातिकड्या, जणू आतून कोणी लाथ मारून बाहेर आलंय. गॅरेजवाल्याला म्हटलं, जरा सफाईने कापायचं. म्हणाला, हवा तर जाते ना?
बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली. एवढंच विचारलं, की यापेक्षा गजर ऐकून उठणं सोपं नव्हतं का हो? गजर हा माझा खासगी प्रश्न आहे, असं मी तिला शांतपणे सांगितलं.
सुरू केला. काय शिट्टी वाजते! शेजारीण गॅलरीत आली आणि तोंड वेडावून आत गेली. जळतात लोक.

२० मार्च
सपाट रस्त्यावर ट्रायल. उडाली गाडी! मी एकटाच आत ओरडत होतो. थोडा निळा धूर आला. गॅरेजवाल्याला फोन केला, तो म्हणाला, नवीन आहे, रुळेल. जीपमधला जुना नवीन कसा? पण आज वाद घालायची इच्छा नव्हती.

२२ मार्च
अंगाला अजून ऑइलचा वास येतोय. दोनदा आंघोळ करूनही. पण घडलं तसं लिहितो.
हॉटेलात आज मोठी पार्टी उतरणार होती. पिकअप चादरींनी गच्च. चढाच्या तोंडाशी ट्रक दिसला आणि माझ्या अंगात वीज संचारली. पाय दाबला. शिट्टी वाजली. ट्रकची ती गळकी फळी बाजूला गेली, चाकं मागे पडली, आणि मी ड्रायव्हरच्या खिडकीच्या बरोबरीला आलो. बरोबरीला! त्याने माझ्याकडे बघितलं आणि हातवारे करून ओरडायला लागला. मी मान लववून कौतुक स्वीकारलं.
तो धूर धूर असं ओरडत होता, हे मागाहून कळलं.
धाडकन आवाज झाला. बॉनेटच्या भोकातून काळं ऑइल उसळलं आणि पुढची काच पार माखली. काही दिसेना. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेकवर उभाच राहिलो होतो. ड्रायव्हरने ट्रक थांबवून उडी मारली आणि माझ्या चाकामागे दगड लावला. नसता लावला तर मी, चादरी आणि सुपरचार्जर, तिघंही दरीत.
बायकोला फोन केला. तिने आधी लागलं तर नाही ना विचारलं. मग लगेच फोन ठेवला. थोड्या वेळाने ती आणि मुलगी भाड्याचा बंद टेंपो घेऊन आल्या. चालवत होती मुलगी. गठ्ठे उचलायला ड्रायव्हर पुढे झाला, तेव्हा मी ओरडलो, हात लावू नकोस! तर मुलीने माझे हात दाखवले. बॉनेटखाली चाचपून कोपरापर्यंत काळे झालेले. ड्रायव्हरने बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन गठ्ठे चढवले. मी बाजूला उभा. टेंपो वेळेत पोचला.
माझी पिकअप ट्रकला दोर बांधून ओढली. ट्रक जातो कचरा डेपोला, म्हणून पिकअपही तिकडेच. मी स्टिअरिंगवर, मान खिडकीबाहेर, समोर ती फळी. थेंब थेट तोंडावर. हॉटेलच्या फाटकात मॅनेजर उभा होता. त्याने नमस्कार केला. मला की ड्रायव्हरला, कळलं नाही.

२३ मार्च
गॅरेजवाला डेपोत येऊन बघून गेला. नाकाला फडकंही नाही, असले लोक असतात. म्हणाला, इंजिन खलास. पिस्टनचा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आलाय. सुपरचार्जर मात्र एकदम ओके.
म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. इंजिन नालायक निघालं, त्याला मी काय करणार?

२५ मार्च
बायको आणि मुलगी पहाटेच टेंपोने निघतात. मला कोणी विचारत नाही. उद्यापासून मी स्वतः बरोबर जाऊन देखरेख करणार. चढावरची वळणं मुलीला कोणी तरी समजावायला हवीत. गजर लावला आहे.

२६ मार्च
उठलो तेव्हा ऊन गादीवर आलं होतं. घरात कोणी नाही.
बायकोला फोन केला. म्हणाली, चादरी कधीच दिल्या, ट्रक वाटेत दिसलासुद्धा नाही, आता परत निघालोय. मी सहज विचारलं, हॉटेलात कोणी माझी चौकशी केली का? मग म्हणाली, हो, वॉचमनने केली. विचारत होता, की साहेब आता येणार नाहीत ना नक्की?
आठवण निघतेच माणसाची.
गजराबद्दल ती काहीच बोलली नाही. उलट म्हणाली, झोपायचं तर झोपा, डबा गॅसजवळ ठेवलाय. मागे मुलगी कशावर तरी खळखळून हसत होती, आणि हीसुद्धा हसायला लागली, फोन तसाच चालू ठेवून. मी बराच वेळ ऐकत राहिलो.
माझ्या गाडीत त्या चढावर कधी कोणी हसलं नाही. हसून कसं चालेल? लक्ष रस्त्यावर ठेवावं लागतं.