गच्चीवरून सोडलेली दुर्बीण

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने मी पूर्ण आडवा आहे.)

तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि तुमची बहीण, तिघांचं कसं काय चाललं आहे ते कळवावं. पहिल्या दोघांची चौकशी मी फोनवरच केली असती, पण हल्ली तुमच्याकडे फोन तिसरीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते. म्हणून हे पत्र.

तिने तिची बाजू सांगितलीच असेल. म्हणजे, "नवी कोरी दुर्बीण ह्यांनी कारखान्याच्या गच्चीवरून खाली फेकली." दादा, हे धादांत खोटं आहे. आमच्या बॅगांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, कोणी काही फेकत नाही. आम्ही सोडतो. फेकणं हे रागाचं काम, सोडणं हे जबाबदारीचं. बॅगेत वाळूच्या पिशव्या भरायच्या, यंत्र किंवा मूठ यांपैकी एक जण हात टेकेपर्यंत मुठीला हिसके द्यायचे, आणि शेवटी बॅग गच्चीवरून खालच्या काँक्रीटवर सोडायची. वाचली तर तो माल दुकानात जातो. इतकी वर्षं हे केल्यावर न आपटलेल्या वस्तूवर माणसाचा विश्वासच बसत नाही. आमच्या घरातला थर्मास, स्टूल, छत्री, सगळी मंडळी या अग्निदिव्यातून गेलेली आहेत. (तुम्ही लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ 'अचानक बंद पडलं' असं आम्ही तुम्हाला कळवलं होतं. असो.)

आता घारीकडे येतो. आमच्या कारखान्याच्या गच्चीला लागून पाण्याची उंच टाकी आहे, तिच्याखालच्या लोखंडी सांगाड्यात एका घारीने घरटं केलं आहे. हे मला तुमच्या बहिणीकडून कळलं. मी रोज त्याच टाकीखालून जेवायला जातो, तो भाग वेगळा. आमच्या सज्जातून टाकी समोरच दिसते, पण लांब. तिची जुनी दुर्बीण म्हणजे एका नळीत बुरशी आणि दुसरीत धुकं. एक डोळा मिटून ती त्यातून घार पाहायची आणि संध्याकाळी मी चपला काढायच्या आत मला बातम्या द्यायची. "आज घारीने तुमच्याच बॅगांच्या अस्तराच्या चिंध्या उचलून नेल्या." (आणि त्याही न तपासता! माझा जीव कितीतरी वेळ त्यातच अडकला होता.) "आज पिल्लाने मान वर काढली." लेक शिकायला दूर गेल्यापासून घरात एवढी लगबग मी पाहिली नव्हती. पिल्लू उडून जायच्या आत ते एकदा नीट, पीस न् पीस पाहायचं, एवढीच तिची इच्छा होती, आणि त्यासाठी नवी दुर्बीण घ्यायचं ठरलं.

दुकानदार पांढरे हातमोजे घालून दुर्बिणी दाखवत होता. आत खास वायू भरलेला आहे, धुकं धरणार नाही. पाण्यात पडली तरी थेंब शिरणार नाही. वरचं रबर धक्का सोसतं. तुमची नातवंडं वापरतील, असं त्याचं चाललं होतं. मी एवढंच विचारलं की ही किती उंचीवरून सोडून पाहिली आहे? त्याने दुर्बीण हळूच स्वतःकडे ओढून घेतली आणि तुमच्या बहिणीने माझा पाय तुडवला. (नव्या चपलेने. चपलेची तपासणी तेवढी झाली.) ती पक्षी पाहणाऱ्यांच्या मंडळातली जुनी सभासद, म्हणून त्याने दोन दुर्बिणी घरी वापरून पाहायला दिल्या, एक आठपट आणि एक दहापट. तिला आठपट आवडली. दहापटीत आपला हात हलला की पक्षीही थरथरतो म्हणे. पण दहापट दिसायला कशी पैलवान होती! मी म्हटलं, बघायचं तू बघ, टिकाऊपणाचं माझ्यावर सोड. ती "बरं" म्हणाली. माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्या बाईने असं बेसावध राहायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दहापट दुर्बीण डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेली. आधी बादलीत बुडवली. एक बुडबुडा आला नाही. मग पट्टा यंत्राला लावून हिसके दिले. शिवण उसवली नाही. मग गच्चीवर गेलो आणि सोडली. दादा, मी खाली धावत जाऊन पाहतो तर काय, ओरखडा नाही! काचा शाबूत, आणि टवका उडालेला काँक्रीटचा! उभ्या नोकरीत असा माल पाहिला नव्हता, मी तोंडात बोट घालून नुसता बघत राहिलो. आनंदाच्या भरात ती घेऊन पुन्हा गच्चीवर चढलो, आणि तिथे लक्षात आलं की हिच्यातून आपण अजून एकदाही पाहिलेलं नाही. म्हणून डोळ्यांना लावून घराकडे वळवली. सज्जात तुमची बहीण उभी होती, आठपट दुर्बीण डोळ्यांना लावून, थेट माझ्यावर रोखून. आणि एक नाही, दोन.

तुम्हाला एकच बहीण आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, पण त्या क्षणी तुमच्या घराण्याबद्दलही शंका आली. दोघींनी एकदमच दुर्बिणी खाली केल्या. कारखान्यात यंत्रांच्या गोंगाटात आम्ही कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलतो, त्यामुळे दोघी काय म्हणाल्या ते मला स्वच्छ कळलं. "घार उठली हो! पिल्लू एकटं पडलं!" दुर्बिणीबद्दल अवाक्षर नाही. मग दोघींनी पालथ्या हाताने डोळे पुसले. दादा, इतक्या जवळून तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि पाहिला तो असा. फार वाईट वाटलं. एकीची समजूत घालणं मला जमत नाही, तिथे दोघींची कुठून घालणार?

दुर्बीण आपटल्याच्या आवाजाने उठलेली घार वर किंचाळत घिरट्या घालत होती. मी डबा उघडला नाही. ती परत घरट्यात उतरेपर्यंत टाकीखाली मान वर करून उभा राहिलो (पाठ धरली ती इथेच) आणि उतरल्याबरोबर ही खबर द्यायला घरी धावलो, तर दारात बॅग भरून तयार. "आता घरट्याकडे बघितलं की आधी तुम्हीच दिसता," एवढं म्हणाली आणि आठपट दुर्बीण गळ्यात अडकवून तुमच्याकडे निघाली.

दहापट मी दुकानदाराकडे नेली. त्याने ती डोळ्यांना लावली, खुर्चीत बसला आणि हातमोजे काढून ठेवले. बाहेरून धडधाकट आहे, पण धक्क्याने आतली भिंगं जागची हलली आहेत, म्हणाला; ही आता तुमचीच. मला खरा धक्का तिथे बसला. बाहेर ओरखडाही न उठता आतलं हलू शकतं, हे आमच्या खात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

तर हे पत्र काही मागण्यासाठी नाही, फक्त खरं काय ते तुम्हाला कळावं म्हणून. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
(आतून जागचा हललेला) मेहुणा

ता. क. : तिने आणलेली बॅग आमच्याच कारखान्याची, त्याच दिवशी तपासायच्या मालातली आहे (आदल्या संध्याकाळी मीच ती घरी आणली होती). तो सगळा माल तपासायचा राहिला, कारण मी दुर्बीण तपासत होतो. परत निघताना बॅग मुठीला धरून उचलू नका, खालून आधार द्या.

पुन्हा ता. क. : 'परत निघताना' असं लिहिलंच आहे, तर लवकर निघालेलं बरं. पिल्लू आता सांगाड्याच्या कडेवर येऊन पंख झाडतं. आज उडेल की उद्या, नेम नाही. मला तर तिथे दोन पिल्लं दिसतात. खरं एक आहे की दोन, हे तीच सांगू शकेल. मी बोलावलं म्हणू नका, पिल्लाने बोलावलं म्हणा.

आणखी एक : हे पत्र तिला दाखवू नका. दाखवलंतच, तर एवढंच दाखवा. या दुर्बिणीतून मला सगळं दोन-दोन दिसतं. टाक्या दोन, घारी दोन, आमचे साहेबसुद्धा दोन. रोज जेवणाच्या सुट्टीत मी गच्चीवरून आपल्या सज्जाकडे पाहतो. तिथे मात्र एकही दिसत नाही.