पालकांच्या विनंतीवरून

आण्णा, तुमच्यावर मला लई राग आलाय. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली, आता राग काढून काय उपयोग, असं आई म्हणते. पर मी आज काढणार. तोंडानं मला कधी जमलं न्हाय हे तुम्हाला म्हाईत हाय, म्हणून लिवतोय. दुकानातल्या खराब झेरॉक्सच्या पाठीवर लिवतोय, शाई कुठं कुठं पसरलीया. मी आता झेरॉक्सच्या दुकानात कामाला हाय, तुमच्या कॉलेजच्याच रस्त्याला. पोरापोरींचे अकरावीचे ऑनलाईन फॉर्म भरून देतो. कुठलं कॉलेज पहिलं टाकायचं, कुठलं दुसरं, ते मी टाईप करतो. नववीत शाळा सोडलेली तुमची पोरगी दुसऱ्यांची कॉलेजं भरत बसते. हसा की.

तुम्ही असताना दहावीचा निकाल लागला की आपल्या दारात चपला मावायच्या न्हाईत. तुम्ही कॉलेजच्या लॅबमधलं शिपाई, पर गल्ली तुम्हाला प्राचार्य असल्यागत विचारायची. तुम्ही खुर्चीवर, मार्कलिस्ट डोळ्याजवळ धरून, आणि मी दारामागं चहाचा ट्रे घेऊन. "ॲडमिशनच्या दिवशी कॉलेज बघायला जाऊ नका," तुम्ही सांगताय, "त्या दिवशी सगळीच नटून बसत्यात. साध्या दिवशी दुपारी दोनला जावा. लॅबला कुलूप हाय काय बघा. कुलूप असंल तर किल्ली कुणाकडं ते विचारा. आत सोडलं तर बेसिन बघा. डाग पडल्यालं बेसिन म्हंजे पोरं प्रॅक्टिकल करत्यात. पांढरंफेक बेसिन असंल तर पळत सुटा." कुरुंदवाडचा एक पोरगा आलता, त्याला तर तुम्ही मार्कांच्या आधी एसटीच्या वेळा विचारल्यासा. "प्रॅक्टिकल दुपारचं, आणि तुझी गाडी सुटणार त्याच्या आधी. मग वर्षभर काय दुसऱ्याची जर्नल उतरवत बसणार हाईस?" आणि शेवटाला सगळ्यांना एकच सांगायचासा. पहिल्या आठवड्यात सरांना एक तरी शंका विचारायची. शंका नसंल तर घरात बसून तयार करायची. एकदा सरांनी तोंड बघितलं की तुला इसरत न्हाईत.

मला हजेरीला 'हजर' म्हणायला घाम फुटायचा, आणि हितं आण्णा शंका विचारायला सांगत्यात!

एक गोष्ट मात्र तुम्ही मला दिलीसा. लॅबच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कोऱ्या लेबलांचा बॉक्स. इंग्लिश नावं एका कागदावर लिहून आणायचासा आणि म्हणायचासा, "तू लिव. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय." सातवी-आठवीत दर रविवारी मी ती लिवत बसायचो. जीभ बाहेर काढून, पट्टी ठेवून. काय लिवतोय ते कळायचं न्हाय. पर बाटल्या कॉलेजात जाणार हे म्हाईत हुतं.

मग नववीत परिपाठाला माझा नंबर आला. सुविचार म्हणायचा हुता, एकच ओळ. माईकसमोर गेलो आणि ओळच गेली. सरांनी 'जा बस' म्हणावं न्हवं? न्हाय. "म्हण की! मुकी हाईस काय?" आणि माईक चालू. अख्खी शाळा हसली. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातनं उठलो न्हाय. तिसऱ्या दिवशी बी न्हाय. तुम्ही म्हणालासा, "हेडसर सुट्टीवर हायत. आले की मी जाऊन बोलतो." मी वाट बघत बसलो. दप्तर भरून बसायचो, आण्णा. सकाळी टाइमटेबल बघून त्या वाराची पुस्तकं भरायचो आणि खाटंखाली सारायचो, कुणाला दिसायला नको. वाटायचं, आज आण्णा येतील, दंडाला धरून वडतील, शाळेच्या दारात न्हेऊन टाकतील. मी रडलो असतो, वरडलो असतो, आणि गेलो असतो. दिवाळीच्या आधी तुम्हीच गेलासा, लॅबमध्येच, छातीत कळ येऊन. पाच वर्षं मी मनाला हेच सांगत आलो, की आण्णांचं हेडसरांशी बोलायचं राहून गेलं.

आता ऐका. परवा शेजारची चाची आली, धाकट्या पोरीला पुढं ढकलत. "तुझे आण्णा असते तर त्यांनीच सांगितलं असतं. आता तूच सांग बेटा. ही म्हणत्या, मैत्रिणी जातात तिथंच जायचं."

"तिथं लिफ्ट हाय," धाकटी म्हणाली.

"मग लिफ्टमध्ये शिकणार हाईस काय?"

हे मी बोललो. मी!

साध्या दिवशी दुपारी दोनला न्हेलं तिला. लिफ्टवाल्या कॉलेजात वॉचमन स्टुलावर बसलेला. "काय पावणं, कुणाकडं?" मी धाकटीकडं बघितलं. धाकटीनं कोपर मारलं. मी म्हणालो, लॅब बघायची हाय. कुलूप हाय म्हणाला. किल्ली कुणाकडं? मॅडमकडं. मॅडम कुठायत? "अजून नेमल्या न्हाईत." धाकटीला एवढं हसू आलं की तिला भाईरच न्यावं लागलं.

तिथनं तुमच्या कॉलेजात गेलो. तुमच्या जागेवर आता एक बाई हायत. लॅब उघडी हुती. बेसिन निळं, काळं, पिवळं, घासून घासून बी न निघणारं. पोरं पोरी टेबलाला टेकून भांडत हुती, कुणाचं उत्तर बरोबर म्हणून. आणि कपाटात, वरच्या फळीवर, बाटल्यांवर ती लेबलं. पिवळी पडलीत. बाई म्हणाल्या, "ही जुन्या आण्णांनी लिवलेली. अक्षर बघा की कसलं. आम्ही बदललीच न्हाईत." धाकटी माझ्याकडं वळली, "अगं, हे तुझं अक्षर हाय न्हवं?" तवा बाईंनी मला निरखून बघितलं. "आण्णांची लेक व्हय तू? मग कुठल्या वर्षाला हाईस?"

"दुसऱ्या वर्षाला," मी म्हणालो.

माझं अक्षर सहा-सात वर्षं त्या लॅबमध्ये बसलंय, पोरं ते वाचून प्रॅक्टिकल करत्यात, आणि मी तिथं उभी राहून खोटं बोललो. तुमच्यामुळं.

वाटेत धाकटी म्हणाली, "खोटं कशाला बोललीस? सतरा नंबर भर की. दुकानात लोकांचा भरून देतीस न्हवं?" सतरा नंबर म्हंजे शाळा सोडलेल्यांनी बाहेरनं दहावीला बसायचा फॉर्म. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, अस्सल. मला वाटलं माझा शाळेतच पडून असंल, मीच जाऊन मागायला लागंल. आईला बोललो तर आई उठली आणि ट्रंकंतनं तुमची प्लॅस्टिकची फाईल आणली. त्यात दाखला. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. तारीख परिपाठानंतरच्या चौथ्या दिवसाची. पाठीमागं तुमच्या अर्जाची झेरॉक्स, तुमच्या हातची. 'घरगुती अडचणीमुळे.'

कसली घरगुती अडचण, आण्णा? मी?

हेडसर सुट्टीवर न्हवतेच. तुम्ही गेलासा, अर्ज दिलासा, दाखला घेऊन आलासा, फाईलीत घातलासा, आणि घरात येऊन मला म्हणालासा, बघू, बोलतो. मी खाटंखाली दप्तर सारत हुतो तवा माझं नाव शाळंतनं कटलं हुतं. चाचीचा थोरला सायन्स सोडून मामाच्या गॅरेजात निघालता, तवा तुम्ही काय केलंसा? तीन दिवस त्यांच्या दारात जाऊन बसलासा. चाची जेवायला वाढायची, तुम्ही म्हणायचासा, "ह्यो कॉलेजला जातो म्हणू दे, मग जेवतो." तो आता पुण्यात नोकरीला हाय. ईदला आला की पहिलं तुमचं नाव काढतो, तुमच्यासारखा माणूस न्हाय म्हणतो. मी शिरखुर्म्याची वाटी हातात धरून ऐकतो. त्याच्यासाठी तीन दिवस. माझ्यासाठी एक अर्ज, तो बी दोन ओळींचा. लाजाळू हाय, घरात बरी, असं वाटलं काय? का त्या सरांशी भांडायला तुम्हालाच लाज वाटली, शिपाई म्हणून? सांगून तरी जायचं हुतं.

आईवर बी वरडलो. आई म्हणाली, "तुला विचारून गेलतं की ते. तू काय बोलली न्हाईस म्हणाले."

"मला कुणी विचारलं न्हाय!" एवढ्या मोठ्यानं बोललो की चाची दारात आली.

धाकटीनं तुमचं कॉलेज पहिलं टाकलंय. मीच भरलं. पहिल्या आठवड्यात विचारायची शंका आत्तापासनं तयार करायला लावलीया, रोज संध्याकाळी तोंडपाठ घेतो. माझा सतरा नंबर बी भरला. जमा करायला गेलो तर क्लार्क म्हणाला, "काय पुटपुटतीस? मोठ्यानं सांग, शाळा कितवीत सोडली?" मागं रांग. नववीत, म्हणालो. सगळ्यांना ऐकू गेलं. कोण हसलं न्हाय. का सोडली ते त्यानं विचारलं न्हाय, दाखल्यावर लिहिलेलंच हाय.

ही पानं आता त्याच फाईलीत घालणार, तुमच्या अर्जाच्या पाठीमागं. आईला वाचता येत न्हाय, म्हणून एवढं लिवतो. आईला मी बोललो ते खोटं हाय. त्या चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या अंथरुणापाशी आलतासा, हातात डबा घेऊन. "जायचं न्हवं शाळंला?" लई हळू विचारलंसा. माझं तोंड भिंतीकडं हुतं. मी जागी हुतो, आण्णा. तुम्ही अजून एकदा विचाराल म्हणून डोळं मिटून पडलो. मग भाईर सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला.