पिशवी म्हणजे हजेरी नव्हे

मी, खाली सही करणारी, नगरपालिकेच्या बालविभागातून निवृत्त झालेली कारकून, आज माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, पाय सुजलेले पण डोकं ठिकाणावर असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार विचारला, मी बरोबर सांगितला.

तरीही मी गोंधळलेली आहे, हे आधीच नमूद करते. गोंधळ वाराचा नाही. ज्या नियमांनी मी आयुष्यभर लोकांच्या मुलांची नोंदणी केली, तेच नियम माझ्या घराला लावून पाहिले आणि उत्तर भलतंच आलं. पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. पळसाला पानं तीनच.

कलम १. वकीलसाहेबांनी छापील नमुना आणला होता, तो मी परत केला. मला एकच कायदा येतो, तो म्हणजे मुलांच्या उन्हाळी शिबिराची नियमावली, कारण ती मीच लिहिली आहे. वकील म्हणाले, "काकू, घर म्हणजे शिबिर नव्हे." मी म्हटलं, "तिथेही भांडण जागेचंच असायचं, आणि मुलांपेक्षा आईबापांचं जास्त." हे वकील लहानपणी आमच्याच शिबिरात होते आणि आठवडाभर खांबाला मिठी मारून रडले होते. हे मी इथे लिहिणार नव्हते, पण त्यांनी फीमध्ये काहीच सूट दिली नाही.

कलम २. हे घर मी माझ्या पगारातून घेतलं, ते स्वकष्टार्जित आहे. त्यात पुढची खोली, मधली खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि अंगणातलं लिंबाचं झाड आलं. बँकेतली ठेव दोन्ही नातींना सारखी वाटून द्यावी, त्याबद्दल माझ्या मनात काही गोंधळ नाही. शिबिराची पितळी घंटा निवृत्तीच्या दिवशी मला भेट मिळाली होती. मी ती ढापली, असं हिशेबनीस साहेब सांगत फिरले. ती समोरच्या शिंपीदादांना द्यावी. त्यांचं दुकान बंद व्हायची वेळ गिऱ्हाइकांना कधीच कळत नाही.

कलम ३. आता घराकडे येण्याआधी नियम कसे झाले ते सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कोणालाच कळणार नाही.

शिबिर म्हणजे सुट्टीत आईबाप कामावर असताना मुलांनी सकाळी यायचं, खेळायचं, जेवायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. जागा कमी, मुलं फार. सभापतींना निवडणुकीच्या तोंडावर शिबिर फुकट हवं होतं, हिशेबनिसांना सगळ्यांना एकच भरभक्कम फी. मी मध्येच कात्रीत. फुकट ठेवलं की लोक सहज नाव घालून ठेवतात, मग मूल पाठवत नाहीत, आणि दारातलं मूल दारातच राहतं. म्हणून थोडी का होईना, फी हवी. दुसऱ्या भावंडाला अर्धी. ज्यांना तेवढीही जमत नाही त्यांनी खिडकीवर तोंडी सांगावं, पुरावा मागायचा नाही. हिशेबनीस म्हणाले, "बाई, लोक खोटं बोलतील." मी म्हटलं, "बोलू देत. पोटच्या पोरादेखत 'आम्हाला जमत नाही' म्हणणं, यापेक्षा मोठी फी कुठली आहे?" तो नियम मंजूर झाला. त्यानंतर ते माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. त्यांना या मृत्युपत्रात काहीही नाही.

दुसरा नियम रांगेचा. नोंदणीच्या दिवशी लोक उजाडायच्या आत येऊन रांगेत पिशवी ठेवायचे आणि घरी जाऊन झोपायचे. खिडकी उघडली की समोर माणसं कमी आणि पिशव्याच जास्त. मी नियम केला: रांगेत माणूस हवा, पिशवी म्हणजे हजेरी नव्हे.

पहिल्याच वर्षी हा नियम कोणाला लागू पडला? माझ्या नणंदेला. वन्सं तेव्हा कपडे धुण्याच्या कारखान्यात होत्या. सकाळच्या पाळीच्या बायकांना रांगेत येता येईना, म्हणून त्यांच्या पिशव्या वन्संनी ओळीनं मांडल्या होत्या. मी त्या उचलून भिंतीशी ठेवल्या. सगळ्या लोकांसमोर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, या पिशव्यांमागे माणसं आहेत. ती तुमच्याच साहेबांच्या चादरी धुताहेत." मी म्हटलं, "वन्सं, नियम सगळ्यांना सारखा." पुढे वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. नंतर मी संध्याकाळची नोंदणी सुरू केली, पण ती त्यांच्या सांगण्यावरून नव्हे.

कलम ४. मला दोन मुलगे. दोघेही गुणी, दोघेही दूर. रोज फोन करतात, औषधं विचारतात, पंखा बदलायला सांगतात. उंटावरून शेळ्या हाकतात, पण मायेनं हाकतात. दोघांनाही घर हवं आहे, म्हणजे विकायला हवं आहे. मधल्या खोलीत थोरल्याचं कुलूप लावलेलं कपाट आहे. धाकट्याचं जागच्या जागी चालायचं यंत्र पुढच्या खोलीत आहे, त्यावर मी ओले टॉवेल टाकते. मी म्हटलं, "घेऊन जा ना हे." थोरला म्हणाला, "असू दे की आई, आमची खोली आहे ती." धाकटाही तेच म्हणाला.

मागच्या खोलीत राहणाऱ्या आत्याचं, म्हणजे वन्संचं काय, असंही मी विचारलं. थोरला म्हणाला, "आत्याची चांगल्या ठिकाणी सोय करू." मी म्हटलं, "ठिकाण कुठलं?" तर म्हणाला, "बघू." शिबिरात जागा नाही असं तोंडावर सांगवत नसलं की मीही खिडकीतून हेच म्हणायचे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग माझ्या ध्यानात आलं, की कपाट ही पिशवी आहे. चालायचं यंत्र ही पिशवी आहे. आणि रांगेत माणूस एकच उभं आहे, ते मागच्या खोलीत.

कलम ५. इथेच माझा गोंधळ. कारण वन्संचं आणि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. हे गेल्यावर त्या दोन ट्रंका घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस राहीन." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. त्या रेडिओ मोठ्यानं लावतात. माझा चष्मा घालतात. आम्ही दोघी सबंध आयुष्य एकमेकींना अहो-जाहो करत भांडलो. अशा बाईला घर द्यावं, असं माझाच नियम सांगतो? मी शिबिराची वयाची अटही लावून पाहिली. त्या अटीत वन्सं बसत नाहीत, पण आता तर आमच्यापैकी कोणीच बसत नाही.

आणि मग ती गोष्ट घडली. मुलांना ती अर्धीच माहीत आहे, म्हणून पूर्ण लिहिते. मागच्या महिन्यात मी दूध आणायला निघाले आणि जुन्या कचेरीच्या दालनात जाऊन बाकावर बसले. कशी गेले, ठाऊक नाही. तिथल्या मुलीनं विचारलं, "आजी, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "न्यायला येतील." तिनं माझ्या फोनवरून थोरल्याला कळवलं. त्यानं लगेच गाडी पाठवली, तेवढा त्याला जीव आहे. ड्रायव्हरनं माझं नाव लिहिलेला कागद दाखवला. मी जागची हलले नाही. कारण शिबिरात आमचा नियम होता, की संध्याकाळी न्यायला आलेल्या माणसाला मुलानं स्वतः ओळखलं पाहिजे, नुसता कागद चालणार नाही. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "आजी, चला ना, साहेब मला ओरडतील." मला त्याची दया आली. पण मी त्याला ओळखत नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला थोरल्याचं नावही आठवत नव्हतं. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात जिन्यावर चपलेचा आवाज आला. एक पाऊल नीट, एक फरफटत. वन्संच्या चपलेचा अंगठा तुटला होता. साऱ्या गल्ल्या पालथ्या घालून त्या आल्या होत्या. बाकाजवळ येऊन धापा टाकत म्हणाल्या, "वहिनी, दुधाचं पातेलं कुठे टाकलंत?"

मी उठले आणि त्यांच्याबरोबर घरी आले. पातेलं सापडलं नाही, त्यावरून त्या अजून बोलतात.

कलम ६. तेव्हा घराबद्दल माझी इच्छा अशी. वन्संनी या घरात तहहयात राहावं. त्यांना कोणी निघा म्हणू नये, विकायचं आहे म्हणू नये, चांगलं ठिकाण पाहिलंय असंही म्हणू नये. कपाट आणि यंत्र मालकांनी घेऊन जावं. दोन्ही मुलगे प्रतीक्षा यादीत आहेत. वन्संच्या मागे घर दोघांना सारखं. रागावू नका रे. मी तुमच्यावर कमी माया केली नाही, तुम्ही रांगेत नव्हता इतकंच.

फुकट काही द्यायचं नाही हेही माझंच तत्त्व, म्हणून फी ठरवते. वर्षातून एकदा वन्संनी चार माणसांत कबूल करावं, की वहिनीचा चहा त्यांच्या चहापेक्षा चांगला होता. जमत नसल्यास त्यांनी खिडकीवर तसं तोंडी सांगावं. पुरावा मागू नये.

हे लिहीत असताना त्या आत्ताच दारात येऊन गेल्या. "काय हो वहिनी, पुन्हा नियमावली?" मी कागद पदराखाली घेतला आणि म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "आता कोणाची मुलं उरलीत?" आणि साक्षीदारांना चहा टाकायला गेल्या.

कलम ७, शेवटचं. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून सांगितलं आहे, की विसरणं वाढत जाईल. वार जाईल, मग माणसं जातील. म्हणून माझ्या एका नियमात मी स्वतः दुरुस्ती करते. यापुढे मला कुठूनही, दवाखान्यातून किंवा त्याच्याही पुढून, घरी न्यायचं झालं तर ते वन्संनीच न्यावं. कदाचित तेव्हा त्या येतील आणि मी विचारीन, तुम्ही कोण. तरी मला त्यांच्याच हाती द्यावं. मुलानं ओळखलं पाहिजे ही अट माझ्यापुरती शिथिल केली आहे. त्यांनी मला ओळखलं तरी पुरे.

हे मी वाचून पाहिलं, वकिलांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मला ते मान्य आहे. समजलं आहे असं मात्र म्हणवत नाही.

ठिकाण: पुढची खोली, यंत्र बाजूला सारून.
तारीख: शिबिराच्या नोंदणीचा पहिला दिवस. आकड्यातली तारीख मी चुकीची घातली होती, वकिलांनी खोडून शेजारी बरोबर घातली आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही एकमेकांसमक्ष साक्ष घातली:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरचे शिंपीदादा (सही). चहा प्यायलो. वहिनींचाच चांगला असतो.